विषय: पियानो मालवणला पाठवायचा आहे

ताई, नमस्कार.
घर आवरतोय. मुलीचा अपराइट, म्हणजे उभा पियानो नुसता धूळ खात पडलाय. पुढच्या महिन्यात सामानाचा कंटेनर मुंबईला निघतोय, त्यात टाकतो. पुढे मालवणपर्यंत तुम्ही बघा. सोबत तिच्या पुस्तकांचा खोका. तुमच्या पियानोच्या क्लासला आपल्या मराठी मंडळातर्फे भेट समजा.

*

काका, नमस्कार.
सगळ्यांनाच उत्तर देतेय, कारण आणखी दोघांनी हेच विचारलंय.

पियानो कृपा करून नको. माझा स्वतःचा दोन पावसाळ्यांत कामातून गेला. जुलैत इथे चपलांना बुरशी येते, तिथे लाकडाचं काय घेऊन बसलात! साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, फुगला की तारा ताणतात, सूर चढतात. हवा सुकली की उतरतात. दाबलेली पट्टी वर येईना म्हणून मी नखाने उचलत शिकवलंय. दोनशेच्या वर तारा, आणि त्या सुरात लावणारा ट्यूनर बाहेरगावचा. आता ८८ पट्ट्यांचा डिजिटल घेतलाय, पट्ट्या जड आहेत तो. तसा कुणाकडे असेल तर जरूर द्या, फक्त अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलंय ना ते बघा. नुसतं ११० असेल तर इथे धूर निघेल.

पुस्तकांचंही जरा ऐका. माझ्याकडची बरीच पोरं भजनाला पेटी वाजवणारी. उजवा हात सुसाट, आणि डाव्याने जन्मभर फक्त भाता मारलेला! एकाचा तर पियानोपुढे बसूनही हवेत हलत होता. अशा पोरापुढे पहिल्याच दिवशी पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघा ठेवल्या तर ते पुन्हा दिसत नाही.

म्हणून पहिला महिना भूप, पाच सुरांचा राग. सा काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर धरला की पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात, बेसूर व्हायला जागाच नाही. उजव्याने मनाला येईल ते, डाव्याने सा-प, सावकाश. दुसऱ्या महिन्यात हातांची कामं अदलाबदल करायची. तेव्हा थोडी रडारड होते. मग पांढरी एकपासून बिलावल थाट, म्हणजे पाश्चात्त्यांचा सी मेजरच, आणि तेव्हा कुठे रेघा. त्यानंतर हंगेरियन संगीतकार बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस', सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पियानोचे तुकडे. १५३ तुकडे आहेत, आणि सुरुवातीच्या सहांत दोन्ही हात एकच सुरावट चालतात. डाव्या हाताला याहून चांगला मास्तर मला मिळाला नाही. खोक्यात त्याचा पहिला भाग आहे का, तेवढं पाहाल?

*

ताई, मध्येच घुसते. माझी बहीण रत्नागिरीला घरीच क्लास काढतेय. फीचं कसं करता? आणि परीक्षांचं?

*

फी महिन्याची, आणि आधी. तासावर ठेवली की गणपतीत मेलो! चाकरमानी आले की दहा दिवस पोरं गायब, पुढे जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघून सकाळी माझ्याकडे पेंगायला. ते सुटीचे दिवस मी वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर लिहून देते, आयांची सही घेते. भांडण नाही.

परीक्षा व्हिडिओवर देता येते. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परफॉर्मन्स ग्रेडला चार तुकडे सलग लागतात, मध्ये कापायचं नाही. शेजारचा कोंबडा हे मानत नाही, म्हणून आम्ही दुपारी रेकॉर्ड करतो.

*

ताई, पहिला भाग सापडला! डिजिटल नाही, पण किल्लीचा मेट्रोनोम आहे, लयीचे टकटक ठोके देणारा. चालेल?

*

धावेल. आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या डब्यांतल्याही चालतील. मिळतील तेवढ्या.