परभणीहून श्रीनगर, जॉइनिंग ऐन डिसेंबरात: घर, कपडे, प्रवासाबद्दल सल्ला हवा

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. श्रीनगरला केंद्र सरकारच्या एका संस्थेत नोकरी लागलीय, १५ डिसेंबरला रुजू व्हायचंय. क्वार्टर मिळायला दोन-तीन महिने लागतील म्हणायलेत, तोवर भाड्याचं घर बघावं लागेल. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. आमची थंडीची ओळख परभणीपुरती. कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहावर आला की दारात शेकोटी, एवढीच. जॅकेट-स्वेटरसाठी वीस हजार वेगळे काढून ठेवलेत. ते इथूनच घेऊ की तिथे? घर बघताना काय बघायचं? दोघींना आत्ताच न्यावं का? आणि मोटारसायकल रेल्वेने पाठवायचा विचार आहे, त्याचंही सांगा.

चिनारपान
अभिनंदन भाऊ. पहिली गोष्ट, त्या वीस हजारांतले बारा-तेरा हजार कपड्यांवर नाही, खोलीवर खर्च करा.

परभणीत रात्री पारा सहावर गेला तरी सकाळी दहाला ऊन चढतं, दुपारी २८ होतं, भिंती तापतात. श्रीनगरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. रात्री उणे तीन ते उणे सहा हे नेहमीचं. २०२४च्या डिसेंबरात उणे ८.५ झालं होतं. पण खरा त्रास दिवसाचा. दुपारीही सहा-सात अंश, आणि ढग असले तर सलग चार-चार दिवस ऊन नाही. भिंत एकदा गार झाली की महिनाभर गारच राहते. बाहेर माणूस चालत असतो, अंगावर कपडे असतात, निभतं. घरात बसून, झोपून चौदा तास काढायचे असतात, तिथे हाल होतात.

घर बघताना आधी दिशा बघा. दक्षिणेकडे खिडक्या असलेली, छत ठेंगणं असलेली लहान खोली घ्या. मोठा हॉल आवडला तरी तो तापत नाही. मधला मजला सगळ्यात चांगला: तळमजल्याला ओल, वरच्याला पत्र्याच्या छपराची थंडी. खिडकीला दुहेरी काच नसेल तर आतून जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून, चारही कडांना पट्टी मारून बसवा. तिथे बहुतेक घरांत हेच करतात. काच आणि प्लास्टिकमध्ये दोन-तीन बोटं हवा राहिली पाहिजे, ती अडकलेली हवाच थंडी अडवते. प्लास्टिक काचेला चिकटवलं तर काही उपयोग नाही. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी, आणि फरशीवर जाड नमदा नाहीतर गालिचा. आपली घोंगडी असेल तर न्या, गादीखाली अंथरली की खालून येणारा गारवा थांबतो. गोधड्यांचा ढीग नेऊ नका, कापूस ओल धरतो आणि तिथली हवा दमट असते. रजया तिथेच घ्या.

‘हमाम’ असलेलं घर मिळालं तर दोन हजार भाडं जास्त पडलं तरी घ्या. दगडी फरशीखाली लाकडं पेटवतात, खोली तापते आणि तांब्याच्या टाकीतलं पाणीही. फक्त लाकडाचा खर्च कुणाचा, हे आधीच बोलून घ्या.

जालना_वायरमन
खोलीचं ठरवताना विजेचं बिल आणि बोर्ड दोन्ही डोळ्यांनी बघा. बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय ते वाचा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपियर ओढतो. तो ६ अँपियरच्या साध्या पिनेवर लावला की सॉकेट पिवळं पडतं, मग काळं पडतं, मग वितळतं. हीटरला आणि गिझरला वेगवेगळं १६ अँपियरचं सॉकेट आणि अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावायचाच नाही. हीटर आणि गिझर एकदम चालू केले तर चार किलोवॅट होतात, कमी भाराच्या जोडणीत एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणारच. आधी पाणी तापवा, गिझर बंद करा, मग हीटर.

आता हिशोब बघा. २००० वॅटचा हीटर आठ तास म्हणजे १६ युनिट. १०० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तास म्हणजे पाऊण युनिटच्या जरा वर. खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणं स्वस्त. झोपायच्या अर्धा तास आधी ब्लँकेट चालू करा, पांघरुणात शिरताना सर्वांत कमी अंशावर आणा, नाहीतर बंदच करा. ब्लँकेट गादीवर सरळ पसरायचं, घडी पडली की तिथली तार तापून तुटते. मुलगी अंथरूण ओलं करत असेल तर तिच्याखाली नकोच, आधी गादी तापवून ब्लँकेट काढून घ्या.

हिवाळ्यात तिथे वीजकपात असते, आणि मीटर असलेल्या भागात ती कमी. त्यामुळे मीटर बघूनच घर. इन्व्हर्टरवर दिवे, राउटर आणि ब्लँकेट चालतं, हीटर चालत नाही.

गोदाकाठ
धन्यवाद दादा. एक जण गॅसवरचा हीटर घ्या म्हणायलाय, वीज गेली तरी चालतो म्हणून. लहान मूल असताना चालेल का?

पूर्णाकाठची_सिस्टर
भाऊ, यात हयगय नको. गॅस हीटर, कोळशाची बुखारी (खोली तापवायची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची हातात धरायची लहान शेगडी), सगळ्यांचा धोका एकच. बंद खोलीत हवा कमी पडली की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. काश्मिरात दर हिवाळ्यात यामुळे झोपेत माणसं जातात. गॅस हीटर वापरायचाच असेल तर जागेपणी, खिडकी चार बोटं उघडी ठेवून, आणि झोपण्याआधी बंद. ‘थोडा वेळ राहू द्या’ म्हणून चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर ते सर्दी-पित्त समजू नका. आधी दार-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना.

कांगडी फेरनच्या (काश्मिरी सैल, लांब झग्याच्या) आत धरून बसतात, पण मुलीच्या हाती देऊ नका. मोठ्यांनीही मांडीला, पोटाला रोज लावून बसू नये. कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथे कातडीचा कॅन्सर होतो. वैद्यकात त्याला कांगडी कॅन्सर असंच नाव आहे.

बोटं लाल-जांभळी होऊन खाजायला लागली तर ती चिलब्लेन. लगेच गरम पाण्यात घालू नका, शेकोटीजवळ धरू नका. एकदम शेक दिला की ती आणखी सुजतात. कोरडी करा, लोकरीचे मोजे घाला, हळूहळू ऊब येऊ द्या. फोड आले तर डॉक्टर. आंघोळ दुपारी करा, आणि अंग पुसल्या पुसल्या व्हॅसलीन लावा. खोबरेल तेल तिथे दगड होऊन बसतं, तिळाचं न्या.

सचखंड_प्रवासी
प्रवासाचं सांगतो. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून रोज सुटते, परभणीला थांबते, दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्ली. तिथून संध्याकाळची श्री शक्ती एक्स्प्रेस पकडली की सकाळी कटरा, वैष्णोदेवीच्या पायथ्याचं गाव. कटऱ्याहून श्रीनगरला २०२५च्या जूनपासून वंदे भारत आहे, साधारण तीन तास. तिला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, तिकीट काढताना वार बघून घ्या. पाण्याचे नळ आणि शौचालयाच्या टाक्या गोठू नयेत म्हणून त्या गाडीत हीटिंग पॅड लावलेत, यावरून तिथल्या गारठ्याचा अंदाज येईल.

अडचण दिल्लीच्या धुक्याची आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे गाड्या तासन् तास रखडतात, म्हणून त्याच संध्याकाळची जोडगाडी भरवशाची नाही. दिल्लीत एक रात्र मुक्काम धरा, आणि रुजू होण्याच्या तारखेआधी निदान तीन दिवस हातात ठेवा. विमानाचंही तसंच, श्रीनगरला बर्फ पडला की उड्डाणं रद्द होतात. रस्त्याने जम्मू-श्रीनगर नको, रामबनच्या पट्ट्यात दरड आली की महामार्ग बंद.

सगळ्यात आधी मोबाइल पोस्टपेड करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांचेही नंबर परभणीतच बदलून घ्या. नाहीतर तिथे उतरल्यावर बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि पगाराच्या खात्यापासून भाड्यापर्यंत सगळं अडेल.

मोटारसायकल ठेवा घरीच. मार्चपर्यंत ती अंगणात उभीच राहील. पुढे न्यायची झाली तर पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. बारा महिन्यांहून जास्त तिथे चालवायची तर परभणीच्या आरटीओकडून एनओसी घ्यावी लागेल.

चिनारपान
कपड्यांचं राहिलं. परभणीतून फक्त थर्मल घ्या, माणशी तीन जोड, कारण वाळायला दोन दिवस लागतात. आत सुती बनियन घालू नका. घाम धरून ओलं राहतं आणि तेच गार पडतं. थर्मलवर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि वर वारा अडवणारं, कुल्ले झाकणारं टोपीचं जॅकेट. आपल्याकडच्या बाजारात मिळणारी जाडजूड जॅकेटं आपल्या थंडीच्या मापाची असतात. जॅकेट आणि फेरन श्रीनगरातच घ्या. लाल चौकाजवळ रविवारचा बाजार भरतो, तिथे वापरलेली पण उत्तम गरम जॅकेटं मिळतात. मुलीला हातमोजे चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, सुट्या बोटांचे गार पडतात. फेरन घालून गॅसपुढे उभं राहायचं नाही, हे वहिनींना आवर्जून सांगा.

बूट एक नंबर मोठा. जाड मोज्यात बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात रक्त फिरत नाही. तळ रबरी, खोल खाचांचा. ऑफिसचे गुळगुळीत तळाचे बूट ऑफिसातच ठेवा. सकाळी रस्त्यावर काचेसारखा बर्फ असतो: पावलं लहान टाका, हात खिशाबाहेर. आणि उतरत्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहू नका, ऊन पडलं की वरचा बर्फ एकदम घसरून खाली येतो.

येसर_आमटी
वहिनींसाठी थोडं. ज्वारीचं पीठ नेऊ नका, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की भाकरी थापताना चिरते. ज्वारी न्या, सोबत लहान घरगुती चक्की. पीठ जुनं झालंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. येसर, काळा मसाला, जवसाची आणि कारळाची चटणी, शेंगदाणे, तूरडाळ, दोन महिन्यांचं न्या. महामार्ग बंद झाला की भाजी महागते. म्हणूनच तिथले लोक उन्हाळ्यात वांगी, भोपळा, टोमॅटो वाळवून ठेवतात, ती वाळवणं बाजारातही मिळतात. श्रीनगर साधारण १६०० मीटर उंचीवर आहे, पाणी ९५ अंशाच्या आसपास उकळतं, डाळीला एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. गॅसची जोडणी परभणीच्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, त्यावर तिथे नवी मिळते. शक्यतो दोन सिलिंडर घ्या आणि एक कायम भरलेला ठेवा. सिलिंडर गार पडून आच मंदावली तरी त्याला शेक द्यायचा नाही, घराच्या आत ठेवा.

दोघींना मार्चमध्ये न्या, असं माझं मत. खोऱ्यातल्या शाळांना फेब्रुवारीअखेरपर्यंत हिवाळ्याची सुट्टीच असते, मुलीचं काही बुडत नाही.

चिनारपान
ताई, मला तसं वाटत नाही. हमामची खोली मिळाली तर मुलं मजेत राहतात. पण खोली न बघता कुटुंब नेऊ नये, हे मान्य. भाऊंनी आधी एकट्याने जावं, आठवडाभर संस्थेच्या गेस्ट हाउसात राहून घर ठरवावं.

गोदाकाठ
एकट्यानेच जायचं ठरवलं, दोघी मार्चमध्ये. एका ओळखीच्यांनी जवाहरनगरातल्या घराचे फोटो पाठवलेत. तळमजला, भाडं कमी, गिझर आहे, पाण्याचे पाइप बाहेरच्या उत्तरेच्या भिंतीवरून आलेत. घेऊ का?

जालना_वायरमन
तळमजला नको. २०१४च्या पुरात राजबाग, जवाहरनगर पाण्याखाली होते. त्याच घरात वरचा मजला मिळतो का विचारा. आणि उत्तरेच्या भिंतीवरचे पाइप म्हणजे रोज सकाळी गोठलेला नळ. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप चिरतो, पण चीर कळते ती बर्फ वितळल्यावर, घरात पाणी झाल्यावर. मालकाकडून पाइपांवर फोमचं वेष्टण लावून घ्या, त्यावर प्लास्टिक. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा आणि पाइप रिकामा करा. ते जमत नसेल तर एक नळ बारीक धारेने चालू ठेवा. दोन बादल्या आणि एक पिंप रात्रीच घरात भरून ठेवा.

तरीही गोठला तर आधी नळ उघडा. मग कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं नळाच्या बाजूने गुंडाळत मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहते. उकळतं पाणी ओतू नका, काकडा लावू नका, पाइप तडकतो. आणि नळाला धार येईपर्यंत गिझरचं बटण दाबायचं नाही, टाकीत पाणी नसेल तर कॉइल जळते.