किशोरींच्या बैठकीत 'जाड-काळी' हा विषय कसा घ्यायचा?

मी आशा सेविका आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या की पोरी म्हणतात ताई याने जाड होतो, दोघीतिघी तर डबाच खात नाहीत. ट्रेनिंगमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते) शिकवला, रडणाऱ्या पोरीला काय बोलायचं ते नाही.

↳ आधी सगळ्यांसमोर वजनाचा आकडा मोठ्याने वाचणं बंद करा, वर्गात नंतर तेच चिडवणं चालतं. आणि आपणच 'बारीक झालीस, छान दिसतेस' म्हणतो की!

↳ आमच्याकडे रंगाचं जास्त. मेडिकलमधून क्रीम आणतात, ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल दिसलं की समजा स्टेरॉइड, कातडी पातळ होते, डॉक्टरला दाखवा. फेअर अँड लव्हलीचं नाव 2020 ला बदललं, स्थळ बघणारे कुठे बदलले?

↳ मुलगेही बघा, जिमच्या पावडरी घेतात. कोणी जेवून उलट्या काढत असेल तर सरळ मैत्री क्लिनिकला (सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांचं क्लिनिक) पाठवा.