मदत हवी आहे: सर्फबोर्ड आणि नीबोर्डला फिन्स कोणत्या घ्याव्या, कशा बसवाव्या?

संत्रानगरी_सर्फर:

नागपूरहून लिहून राहिलो आहे, तेव्हा अंबाझरी तलावात लाटा यायला लागल्या का, हा विनोद ज्यांना करायचा असेल त्यांनी आधी उरकून घ्यावा. मग कामाचं बोलू.

मेव्हणा विशाखापट्टणमला होता. बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकमधून दोन बोर्ड माझ्याकडे धाडले आणि "भाऊजी, आता तुम्हीच वापरा" म्हणून मोकळा झाला. डिसेंबरात मालवणचा बेत आहे. त्याआधी दोन्ही पाण्यात उतरवण्याजोगे करायचे आहेत.

पहिला साधा सर्फबोर्ड, सहा फूट चार इंच. शेपटीकडे तीन फिन्सची, म्हणजे बोर्डाखालच्या उभ्या पात्यांची, जागा आहे. प्रत्येक जागी प्लास्टिकचे दोन गोल प्लग आणि प्रत्येक प्लगात एक बारका, बिनडोक्याचा स्क्रू. फिन्स मात्र दोनच आल्या. एका स्क्रूची खाच आधीच गुळगुळीत झालेली, चावी नुसती फिरते.

दुसरा नीबोर्ड, म्हणजे गुडघ्यांवर बसून लाट पकडायचा. आखूड, आणि मागे चांगला रुंद. याला फिन बसवायचे चार लांबट बॉक्स आहेत आणि प्रत्येकाला नाकाकडच्या टोकाला एकच स्क्रू. फिन एकही नाही. उजवीकडच्या मागच्या बॉक्सची कड तुटली आहे, आत पांढरा फोम दिसतो. नखाने खरवडलं तर मणी मणी सुटतात.

माझं वजन ८२ किलो. ऑनलाइन "जी५" लिहिलेला सेट स्वस्तात दिसतो आहे, तो दोन्ही बोर्डांना चालेल का? सर्फबोर्डला नुसती एक फिन घेतली तर? आणि तुटक्या कडेसाठी हिंगणा एमआयडीसीत एक फायबरवाला आहे, टाक्या बनवतो. "एका दुपारचं काम आहे, आणून टाका" म्हणाला. देऊ का त्याच्याकडे?

खारं_पाणी:

फायबरवाल्याला आजच फोन करून थांबवा. बाकीचं नंतर.

टाक्यांच्या कामात सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. तुमच्या नीबोर्डातून मणी सुटतात, म्हणजे आत ईपीएस आहे, आपलं थर्माकोलच. पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतो. वरून कड छान चकचकीत दिसेल आणि खाली पोकळी होईल. पहिल्याच जोरदार वळणात फिन बॉक्ससकट निघून येईल. खात्री करायची तर सुटलेला एक कण वाटीत घेऊन त्यावर अ‍ॅसिटोनचे दोन थेंब टाका. विरघळला तर ईपीएस. जुन्या पद्धतीच्या बोर्डात पॉलियुरेथेन असतो, तो असा विरघळत नाही. इपॉक्सी रेझिन दोन्हींना चालतं.

आता फिन्स. लोक आधी आकार बघतात, पण आधी बघायचा बॉक्स. तुमच्या सर्फबोर्डला जुनी एफसीएस पद्धत आहे: फिनला खाली दोन वेगळे दात, दोन प्लग, दोन स्क्रू. नीबोर्डचं वर्णन फ्युचर्स नावाच्या दुसऱ्या पद्धतीचं वाटतं, तिथे बुडाशी एकच लांब पट्टी असते. एकाची फिन दुसऱ्यात जात नाही, त्यामुळे एकच सेट दोन्हीकडे हा विचार सोडा. आणखी एक मेख: एफसीएस टू नावाची नवी पद्धत आहे. जुन्या फिन्स नव्या बॉक्समध्ये पॅकिंग आणि स्क्रू लावून बसतात, पण नव्या फिन्स जुन्या प्लगात बसत नाहीत. विकणारे नुसतं "एफसीएस" लिहितात. फोटोत दोन सुटे दात दिसले तरच पैसे भरा.

जी५ म्हणजे मीडियम. ८२ किलोला लार्ज, म्हणजे जी७ बघा. तक्त्यांत ७५ ते ९० किलोला साधारण लार्जच सांगतात.

उरलेल्या दोन फिन्सची एक बाजू सपाट आहे का?

संत्रानगरी_सर्फर:

बरं झालं विचारलं. फायबरवाल्याला सांगितलं, सध्या राहू द्या.

एका फिनची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. दुसरी फिन दोन्हीकडून सारखीच फुगीर आहे.

खारं_पाणी:

मग तुमच्याकडे मधली आहे आणि बाजूची एक. सपाट अंग नेहमी आत, बोर्डाच्या मधल्या रेषेकडे, आणि फिनचा कल मागे. असं धरून पाहिलं की डावी की उजवी ते कळेल. मधली हरवली असती तर दुसऱ्या सेटमधली चालवून घेता आली असती. बाजूच्या दोन्ही मात्र एकाच साच्याच्या हव्या, नाहीतर बोर्ड एका अंगाला ओढतो. सुटी जोडीदार शोधत बसण्यापेक्षा तिघींचा सेट घ्या.

वऱ्हाडी_पाना:

भाऊ, मीही नागपूरचाच. समुद्राचं मले काही कळत नाही, पण तुमच्या स्क्रूचं कळते. या फिन्सची चावी ३/३२ इंची असते, म्हणजे २.३८ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात अ‍ॅलन की मागितली की मिलिमीटरचा सेट हातात देतात. त्यातली २.५ ची आत जात नाही आणि २ ची ढिली बसते. ढिली फिरवली की खाच गोल झालीच समजा. इतवारीत लोहाओळीत जा आणि इंची सेट माग, मिळते.

अडकलेल्या स्क्रूसाठी खाचेत जेमतेम घुसेल असा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा, बिट हलकेच ठोकून बसवा आणि हळू उलटा फिरवा. स्क्रू तापवू नका बाप्पा, भोवती प्लास्टिक आहे. नवे स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

गुडघे_टेकले:

नीबोर्डवाला कोणी भेटला, आनंद झाला. ज्याला लोक "बसून करायचं सर्फिंग" म्हणून हिणवतात, त्याचं फिन्सच्या इतिहासात मोठं देणं आहे. जॉर्ज ग्रीनो हा कॅलिफोर्नियाचा गुडघ्यांवरचाच गडी. ट्यूना माशाची शेपटी बघून त्याने लवचिक फिन्स घडवल्या, त्या पुढे उभ्याने सर्फिंग करणाऱ्यांनी उचलल्या. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसचा दोन फिन्सचा फिश बोर्डही मुळात नीबोर्डच. तीन फिन्सचा जमाना त्यानंतरचा, १९८१ मध्ये सायमन अँडरसनने तशा बोर्डवर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकली तेव्हापासूनचा.

तुमच्या बोर्डाला चार बॉक्स आहेत ते उगीच नाहीत. रुंद शेपटीचा बोर्ड कडेवर आडवा झाला की मधली फिन पाण्याबाहेर यायला बघते. कडेजवळच्या दोन मात्र पाण्यात रुतून राहतात. वजनाचे तक्ते उभ्याने चालवणाऱ्यांसाठी असतात. रुंद शेपटीला मी तरी त्यातला मोठाच आकार घेईन. चौघींचा क्वाड सेट मागा आणि पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठी आहे ना ते पाहून घ्या.

कड भरताना बॉक्समध्ये फिन बसवूनच ठेवा, म्हणजे कोन बिघडत नाही. फिनला आधी टेप गुंडाळा आणि स्क्रूच्या भोकात मेण भरा. इपॉक्सीत काचेचे कातरलेले धागे कालवून भरा, वरून काचकापडाचे दोन थर द्या. डावीकडच्या मागच्या फिनला गुण्या लावून तिचा कल मोजा आणि उजवीकडे तोच ठेवा. इपॉक्सी थोडं थोडं कालवा. मोठा घाणा एकदम तापतो आणि त्या उष्णतेनेही थर्माकोल खचतो.

आणि बोर्ड ठेवता कुठे? गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर उन्हाळ्यात तिथे नको. नागपूरच्या मे महिन्यात आतली हवा फुगून वरची कातडी सुटेल.

संत्रानगरी_सर्फर:

गच्चीवरच होते. दोन्ही खाली, पलंगाखाली आणले. आई विचारून राहिली की हे किती दिवस.

कण अ‍ॅसिटोनमध्ये टाकला, गायब झाला. इंची सेट लोहाओळीत मिळाला, स्क्रूही टॉर्क्सने निघाला. पाना भाऊ, चहा लागू. जी७ च्या विक्रेत्याकडे दातांचा फोटो मागितला आहे.

एक राहिलं. तुटक्या कडेपाशी बोट दाबलं तर फोम दमट लागतो, दाबल्यावर किंचित पाणीही येतं. बोर्ड उभा करून पंख्याखाली ठेवला आहे, शेपटी खाली. भरण्याआधी पुरता वाळला हे ओळखायचं कसं? काट्यावर रोज वजन करून पाहिलं तर चालेल का?