स्टोरेज युनिट चुलत दिरांबरोबर शेअर केलंय, भाड्याचा हिशोब कसा करू?

मऊभात_मेतकूट:
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची कोथरूडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डर तीन वर्षं म्हणतोय म्हणजे चार धरा. आम्ही टूबीएचकेमधून भाड्याच्या वनबीएचकेत आलो. चुलत दीर त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर होते, ते बदली घेऊन बंगळूरला गेले. सामान दोघांचंही मावेना म्हणून वाघोलीला दहा बाय दहाचं स्टोरेज युनिट घेतलं, महिना ४५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१०. निम्मं निम्मं असं तोंडी ठरलं. आम्ही पुण्यात म्हणून अ‍ॅग्रीमेंट मिस्टरांच्या नावावर.

आता प्रत्यक्षात झालंय काय, तर भाऊजींचं सामान जवळजवळ दुप्पट. सागवानी कपाट, डबलबेड, पितळी कड्यांचा झोपाळा, पुस्तकांच्या सहा ट्रंका आणि वर एक इन्व्हर्टर, बॅटरीसकट. आमचं सामान आधी गेलं म्हणून ते सगळं मागे. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मखर आणि चौरंग काढायला गेलो तर दोन हमाल लावून त्यांचं कपाट बाहेर काढावं लागलं, १२०० रुपये गेले, शिवाय मिस्टरांची एक सुट्टी. हे पैसे मागायचे कसे? त्यात चार महिने झाले भाड्याचे त्यांचे पैसेच आलेले नाहीत. सासूबाईंना म्हटलं तर म्हणाल्या घरातल्या घरात कसला गं हिशोब मांडतेस. जाऊबाई स्वभावाने चांगल्या आहेत, उगाच वाकडं यायला नको. काय करू?

खिळा_हातोडी:
निम्मं निम्मं इथेच चुकलं. आधी जाण्यायेण्याची वाट सोडा, ती दोघांचीच, उरलेल्यात कुणी किती जमीन अडवलीय ते टेप घेऊन मोजा. समजा १०० फुटांतले २० वाटेत गेले, तुमचे ३० आणि त्यांचे ५०, तर ८० पैकी ५० त्यांचे. म्हणजे ५३१० मधले साधारण ३३२० त्यांनी द्यायचे आणि १९९० तुम्ही. वाटेचा खर्च त्यात आपोआप वाटला जातो. उंची मोजायच्या भानगडीत पडू नका, भांडण तिथेच सुरू होतं.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
ताई, भाड्याचं सोडा, मला तुमच्या अ‍ॅग्रीमेंटची जास्त काळजी वाटतेय. आम्ही मित्राबरोबर असंच घेतलं होतं भिवंडीकडे, आमच्यात उलटं, नाव त्याचं होतं आणि मी दर महिन्याला त्याला माझा वाटा इमानदारीत पाठवायचो. तो गेला दुबईला आणि भाडं भरायचंच थांबला. मला पत्ता नाही. एके दिवशी आईचं शिवणयंत्र आणायला गेलो तर गेटवरच अडवलं, थकबाकी भरा मग आत जा. माझा वाटा भरलाय म्हटलं तर तो माणूस म्हणाला साहेब आमच्याकडे एकच नाव आहे. अख्खी थकबाकी मी भरली तेव्हा यंत्र मिळालं, मित्राने पैसे दिले पण आठ महिन्यांनी. तुमच्या केसमध्ये नाव तुमचं म्हणजे थकलं तर तगादा तुम्हालाच, आणि उद्या त्यांच्या कपाटाला वाळवी लागली तरी बोल तुम्हालाच. कोणाचं काय आहे त्याची यादी करा, फोटो काढा आणि दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा. विमा असेल तर त्यात त्यांचं सामान धरलंय का तेही विचारा.

कापूरगोळी:
इन्व्हर्टरची बॅटरी आत कशी जाऊ दिली?? लेड अ‍ॅसिडची असेल तर अ‍ॅसिड गळून खालचं सगळं खाईल, आणि चार्ज न करता महिनोन्‌महिने पडली की तशीही मरतेच, मग ठेवून फायदा काय. बहुतेक ठिकाणी गॅस सिलिंडर, पेट्रोल, बॅटरी यांना बंदीच असते, अ‍ॅग्रीमेंट वाचा. उद्या काही झालं तर सही तुमच्या मिस्टरांची आहे.

बाकी पावसाळ्याआधी एक चक्कर माराच. कापसाच्या गाद्या असतील तर जमिनीवर नको, लाकडी पॅलेट टाका, भिंतीपासून वीतभर लांब. फ्रिज ठेवला असेल तर दार किंचित उघडं ठेवा नाहीतर आत बुरशी येते आणि तो वास जन्मात जात नाही. ट्रंकांमध्ये डांबरगोळ्या. आणि त्याच दिवशी मखर पुढे आणून ठेवा की हो!

मऊभात_मेतकूट:
सगळ्यांचे आभार. रविवारी मिस्टरांनी फोन लावला, मी बाजूला बसून यादी पुढे सरकवत होते. भाऊजी म्हणाले अरे मी तर दर महिन्याला काकूच्या खात्यात टाकतोय, तिनेच सांगितलं होतं!! सासूबाईंना विचारलं तर म्हणे हो येत असतील, पासबुक कुठे भरलंय. आता रडू की हसू. बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं, तर चारपैकी तीन महिन्यांचे आलेत. चौथ्याचं त्यांनी लगेच टाकलं.

मोजमापाचं मात्र मी बोललेच नाही, हिंमत झाली नाही. जाऊबाईच मागून म्हणाल्या की आमचं जास्त आहे गं, पुढच्या महिन्यापासून तीन हजार धर. ३३२० नाहीत पण मी हो म्हटलं. हमालांचे १२०० सोडून दिले. यादी आणि फोटो पाठवलेत, त्यांच्याकडून ओके आलंय.

बॅटरी तेवढी राहिलीय. भाऊजी म्हणाले तूच विकून टाक आणि पैसे ठेव. भंगारवाला घेतो का ही?

खिळा_हातोडी:
घेतो, पण भाव पाडून. बॅटरीच्या दुकानात विचारा, ते वजनावर घेतात, नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये दिली तर थोडे जास्त मिळतात. आणि रिक्षातून नेताना आडवी नका करू.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो:
तीन हजार ठरलेत तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या ताई. आणि पैसे कोणाच्या खात्यात ते आधी लिहा 😄