बाबांना सॅक्रामेंटो किंग्जची मॅच दाखवायची आहे: टीमचा इतिहास आणि तिकिटं, दोन्हीबद्दल सांगा

पूर्वा_फोल्सम:
नमस्कार मंडळी. आईबाबा जानेवारीत पुण्याहून आमच्याकडे फोल्समला, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ, येतायत. बाबा सत्तरच्या दशकात कॉलेजच्या टीमकडून बास्केटबॉल खेळायचे, गार्ड होते (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा). अजूनही टीव्हीवर मॅच लागली की जागचे हलत नाहीत. त्यांना गोल्डन वन सेंटरला, म्हणजे किंग्जच्या अरीनात, मॅचला न्यायचं मनात आहे. मला खेळातलं फारसं कळत नाही, पण बाबांशी या टीमबद्दल थोडं बोलता यावं असं वाटतं. कुठली टीम, कुठून आली, लोक तिच्यावर एवढा जीव का टाकतात? शिवाय तिकीट कोणत्या मॅचचं आणि कुठलं घ्यावं? बाबांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी, आणि रात्री डाउनटाउनमध्ये गाडी चालवायला मी घाबरते.

नातोमासकर:
पूर्वा, आधी इतिहास सांगतो. ही टीम मुळात सॅक्रामेंटोची नाहीच. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची ही रॉयल्स. 1951 मध्ये न्यूयॉर्क निक्सला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवून ते एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेते झाले. त्यानंतर आजतागायत विजेतेपद नाही. 1957 मध्ये टीम सिनसिनाटीला गेली, 1972 मध्ये कॅन्सस सिटीला. तिथे रॉयल्स नावाची बेसबॉलची टीम आधीच होती, म्हणून यांचं नाव किंग्ज झालं. 1985 मध्ये ते सॅक्रामेंटोला आले.

बाबांना दोन नावं नक्की सांग. पहिलं मॉरिस स्टोक्स. 1958 मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तो डोक्यावर पडला, आणि काही दिवसांनी त्याचं सगळं शरीर लुळं पडलं. तेव्हा त्याचा सहकारी जॅक ट्वायमन कायद्याने त्याचा पालक झाला. उपचारांसाठी सामने भरवून पैसे उभे केले आणि 1970 मध्ये स्टोक्स जाईपर्यंत त्याची जबाबदारी सांभाळली. ट्वायमन तेव्हा स्वतः ऐन पंचविशीत होता. आज एनबीए उत्तम सहकाऱ्याला जो पुरस्कार देते तो या दोघांच्या नावाने आहे. या टीमच्या इतिहासातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच, विजेतेपदापेक्षाही.

दुसरं नाव नेट आर्चिबाल्ड, 'टायनी'. बाबा गार्ड होते म्हणून खास. उंची जेमतेम सहा फूट एक इंच. 1972-73 मध्ये गुण आणि असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट करता येईल असा पास) या दोन्हींत तो लीगमध्ये पहिला आला, सामन्याला सरासरी 34 गुण आणि 11.4 असिस्ट. आणि तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती (हिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण)! एनबीएत ती 1979 मध्ये आली, आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 मध्ये. म्हणजे बाबा ज्या नियमांनी खेळले त्यातही ती नसणार. आता कोर्टवर अर्धा वेळ बाहेरूनच फेकी चाललेल्या दिसतील, त्यावर बाबांचं मत ऐकायला मला आवडेल.

आता 2002. ही जखम इथे अजून ओली आहे. टीममध्ये क्रिस वेबर, व्लादे दिवाक, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी, प्रशिक्षक रिक अ‍ॅडलमन. त्या हंगामात 61 विजय, लीगमध्ये सर्वांत जास्त. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, लॉस एंजेलिसच्या लेकर्सविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत चौथ्या सामन्यात 24 गुणांची आघाडी गेली आणि अगदी शेवटच्या क्षणी दिवाकने बाहेर टोलवलेला चेंडू रॉबर्ट होरीच्या हातात पडला. त्याने तीन गुण टाकले, 100-99. सहाव्या सामन्यात एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) मिळाले, त्या पंचगिरीबद्दल आजही इथल्या माणसाला विचारून बघ. सातवा सामना घरच्या मैदानावर, जादा वेळेत गेला आणि हरलो. पण तेव्हाही आपण 30 पैकी 14 फ्री थ्रो चुकवले होते. पंचांवर राग आहेच, तरी हेही सांगायला हवं असं मी मानतो.

मी सॅक्रामेंटोच्या नातोमास भागात राहतो, किंग्जची जुनी आर्को अरीना इथेच होती. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन या शहराला गुराढोरांचं गाव म्हणाले, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला यायला लागले. त्या पत्र्याच्या खोक्यात तो आवाज छातीत घुमायचा. 2022 मध्ये ती वास्तू पाडली.

2006 नंतर सलग 16 हंगाम प्लेऑफ नाही, एनबीएतला सर्वांत लांब दुष्काळ. त्यातच 2013 मध्ये टीम सिएटलला विकली जाणार असं जवळजवळ ठरलं. लोकांनी हंगामाची तिकिटं घेतली, सभा घेतल्या, महापौर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएचे खेळाडू होते, खरेदीदार शोधत फिरले. शेवटी मालकांच्या मतदानात 22 विरुद्ध 8 ने स्थलांतर फेटाळलं गेलं. टीम घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेले. नव्या अरीनासाठी शहराने 25 कोटी डॉलरहून जास्त पैसा घातला. त्यावर तेव्हा खूप वाद झाला आणि विरोध करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नव्हते. तरी टीम राहिली याचा मला मनापासून आनंद आहे. छताखाली लटकवलेल्या निवृत्त जर्सींत (सन्मान म्हणून पुन्हा कुणाला न दिले जाणारे नंबर) 6 नंबर शोधा. तो कुठल्या खेळाडूचा नाही, प्रेक्षकांचा आहे, पाच खेळाडूंनंतरचा सहावा.

तिकिटांचं. लेकर्स आणि वॉरियर्सच्या मॅच टाळ. भाव चढतात आणि निम्मं स्टेडियम पाहुण्यांचं असतं. मंगळवार-बुधवारची, फारशी गाजत नसलेल्या टीमबरोबरची मॅच घे. तिथे खरे किंग्जवाले भेटतात. वरचा मजला बराच चढा आहे. गुडघ्यांसाठी तिथल्या अगदी खालच्या रांगा, पॅसेजजवळच्या खुर्च्या बघ, किंवा तिकीट काढतानाच कमी पायऱ्यांच्या जागा माग. तासभर आधी पोचा. सराव पाहण्यात जाणकाराला मॅचइतकीच मजा येते.

गाडीचं म्हणशील तर फोल्समहून लाइट रेलची गोल्ड लाइन थेट डाउनटाउनला जाते, तिथून अरीना चालत. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते मात्र त्याच दिवशी बघून ठेव, मॅच जादा वेळेत गेली तर पंचाईत नको.

वरळीवाला_मंदार:
नातोमासकरांनी रणदिव्यांचं नाव घेतलं म्हणून लिहितो. ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळले होते, एनबीएच्या टीमचे भारतातले पहिलेच सामने. पहिला दिवस शाळेच्या मुलांसाठी होता, किंग्ज जादा वेळेत 132-131 असे हरले. दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन गेलो होतो. तेव्हा पेसर्सकडे असलेला डोमांतास साबोनिस 2022 मध्ये किंग्जकडे आला आणि पुढच्याच हंगामात तो दुष्काळ संपला. पूर्वा, बाबांना साबोनिसचे पास बघायला सांगा. सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असून गार्डसारखा खेळवतो.

पूर्वा_फोल्सम:
किती मनापासून लिहिलंत! स्टोक्स-ट्वायमनची गोष्ट मी आत्ताच बाबांना फोनवर सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तो ट्वायमन खेळायचा कुठल्या जागेवर?" काय सांगू? आणि आईच्या जेवणाचं?

नातोमासकर:
फॉरवर्ड. नेम फार चांगला होता. 1959-60 मध्ये सामन्याला सरासरी 31 हून जास्त गुण. जर्सी नंबर 27, तीही वर लटकलेली आहे.

आईंना दुपारीच घेऊन ये. आधी ओल्ड सॅक्रामेंटोत रेल्वेचं संग्रहालय बघा, मग डाउनटाउनमध्येच शांतपणे जेवून आत शिरा. आतल्या स्टॉलवर आईंच्या पसंतीचं मिळेल या भरवशावर राहू नका. आणि जिंकलो तर लगेच निघू नका. खेळाडू बटण दाबतात आणि अरीनाच्या माथ्यावरून जांभळा झोत थेट आकाशात जातो. तो बाहेरच्या चौकात उभं राहून बघा, आणि शेवटच्या गाडीची वेळ त्या हिशोबाने धरा.