विषय: ११ नोव्हेंबरसाठी घरच्यांकडून नावं हवीत (सैन्यातली माणसं)

प्रेषक: मुग्धा (सचिव)

नमस्कार मंडळी,

व्हेटरन्स डेच्या (अमेरिकेतला माजी सैनिकांचा दिवस) आठवड्यात आपल्या मराठी मंडळाचा जो कार्यक्रम आहे त्यातला पहिला अर्धा तास यंदा सैन्यात असलेल्या आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या आपल्या माणसांसाठी ठेवलाय. नावं कमिटी काढणार नाही, तुम्ही घरच्यांनी पाठवायची. असं का, तर गेल्या वर्षी हॉलमध्ये आम्ही माइकवरून विचारलं की इथे कोणी फौजेतलं आहे का, हात वर करा, आणि एकही हात वर आला नाही. नंतर महिन्याभराने कळलं की गणपतीत दरवर्षी सगळ्यात आधी येऊन खुर्च्या लावणारे आणि सगळ्यात शेवटी त्या आवरून जाणारे जे काका आहेत, ते १७ वर्षं फौजेत होते. आम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखतो! विचारलं तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं." म्हणून मला वाटतं हे त्यांच्या बायकोने, मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी सांगायला हवं.

एक फोटो, कोणत्या दलात, कोणत्या साली भरती आणि कोणत्या साली निवृत्त, आणि तुमच्या शब्दांत दीडशे-दोनशे शब्द. आणि हो, त्यांना विचारून पाठवा. सरप्राइज नको.

मुग्धा

---

प्रेषक: सुहास

मुग्धा, कल्पना आवडली पण एक शंका आहे. माझे बाबा सहा महिन्यांसाठी इथे आलेत, ते भारतीय सैन्याच्या कोअर ऑफ सिग्नल्समध्ये (संदेशवहनाच्या शाखेत) २४ वर्षं होते, लाइनमन (टेलिफोनच्या तारा टाकणारे-जोडणारे) म्हणून लागले आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पण व्हेटरन्स डे हा अमेरिकेच्या सैन्यातल्या लोकांचा दिवस, त्यात भारतीय सैन्यातल्या माणसाला स्टेजवर बसवणं बरोबर दिसेल का? बाबांना तर नक्कीच अवघडल्यासारखं होईल, त्यांना दुसऱ्याच्या मानाच्या जागी बसणं अजिबात चालत नाही. आणि अजून मी त्यांना विचारलेलंच नाही, आधी तुमचं काय म्हणणं आहे ते कळू दे.

सुहास

---

प्रेषक: शुभदा

सगळ्यांना नमस्कार,

माझी मुलगी अमेरिकेच्या नेव्हीत हॉस्पिटल कोअरमन आहे. बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगते, मरीन कोअरकडे स्वतःचे मेडिक नसतात, त्यांच्याबरोबर नेव्हीचे हे कोअरमन जातात आणि मरीन त्यांना "डॉक" म्हणतात. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. मग ग्रेट लेक्सच्या नेव्हीच्या तळावर तिच्या बूट कॅम्पच्या (सुरुवातीच्या ट्रेनिंगच्या) ग्रॅज्युएशनला गेलो, तिथे शेकडो मुलं एकसारख्या पांढऱ्या टोप्या घालून उभी, मला माझीच मुलगी ओळखू येईना. शेवटी मान जरा डावीकडे कलती ठेवून उभी राहायची तिची लहानपणची सवय आहे ना, त्यावरून ओळखली. तिकडेही मान सरळ करायला लावली असणार, पण तेवढी राहिलीच.

मी तिचं नाव देणार आहे, तिची परवानगी आहे. पण तिने अटी घातल्यात आणि त्या सध्या नोकरीत असलेल्या सगळ्याच मुलांना लागू आहेत असं समजा. कोणतं जहाज, कोणतं युनिट, आत्ता कुठे आहे, कधी परत येणार, यातलं काहीही छापायचं नाही, फेसबुकवरही नाही. फोटोत छातीवरची नावाची पट्टी दिसत असेल तर तो फोटो नको. आणि कार्यक्रमाला ती असेल किंवा दुसरं कोणी असेल, तर कृपा करून कोणीही "तू कोणाला मारलंस का" असं विचारू नका. दिवाळीच्या फराळाला एकाने विचारलं होतं, ताटली तशीच ठेवून ती बाहेर गाडीत जाऊन बसली. काय काम करतेस, दिवस कसा असतो, तिथे मैत्रिणी कोण आहेत, हे विचारा की, ती तासभर बोलेल.

आमच्या खिडकीत निळ्या चांदणीचा छोटा झेंडा आहे, तो सजावटीचा नाही. घरातलं कोणी सेवेत असेल तर तो लावतात. माणूस गेला तर निळ्या चांदणीवर सोनेरी चांदणी येते. मी रोज सकाळी पडदा सरकवते तेव्हा आधी ती निळी आहे हे बघते.

शुभदा

---

प्रेषक: दिलीप

मंडळी,

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. सन्मान करायचा तर ज्यांनी युद्ध पाहिलं किंवा ज्यांना शौर्यपदक मिळालं अशांचा करावा, नाहीतर नुसती नोकरी केलेले सगळेच येतील आणि ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांचं मोल कमी होईल. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा आहे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत आपल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळवला, घाडगे तर जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले. १९७१ ला जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) याच रेजिमेंटच्या १ मराठाने, म्हणजे जंगी पलटणने, काय केलं ते वाचा. ही उंची असताना आपण स्टोअरमध्ये हिशेब ठेवणाऱ्यालाही त्याच रांगेत बसवणार का? मनापासून विचारतोय.

अजून एक, पोस्टरवर "शहीद" शब्द जपून वापरा. माझे आजोबा पेन्शनीत निघाल्यावर ३० वर्षं शेती करून घरी वारले, आणि एका कार्यक्रमात त्यांच्या फोटोखाली "शहीद" छापलं होतं. आजीने तो फोटो बघितला आणि म्हणाली, "म्हणजे आमचा एवढा संसार झाला तो कुठे गेला?" माजी सैनिक लिहा, तेवढं पुरे आहे.

दिलीप

---

प्रेषक: वृंदा

दिलीप, "शहीद"बद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल अजिबात नाही, आणि मी आईसाठी लिहितेय.

माझी आई मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये ऑफिसर होती. कमिशन्ड ऑफिसर, खांद्यावर तारे असलेली. लोकांना अजूनही सांगावं लागतं की ती "मिलिटरीवाल्याची बायको" नव्हती, ती स्वतः मिलिटरीत होती. शौर्यपदक नाही, ती सीमेवर गेली नाही, तुमच्या नियमात ती बसत नाही.

१९७१ नंतर ती पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला होती. १९४४ पासूनचं आहे ते. सुरुंगावर पाय पडलेली मुलं यायची, वीस-बावीस वर्षांची. नवा पाय बसवला की लगेच चालता येत नाही, आधी उरलेल्या भागावर पट्टी घट्ट बांधून त्याला आकार आणावा लागतो, मग दोन दांड्यांच्या मध्ये उभं करायचं, मग वजन टाकायला शिकवायचं, आणि घाम फुटतो तो दुखण्यापेक्षा भीतीने. आई सांगायची, एक मुलगा रात्री हाक मारायचा की सिस्टर, पायाचा अंगठा खाजतोय. तो पाय नव्हताच. ती त्याला "तुझा पाय नाही" असं कधी म्हणाली नाही, चादर सारखी करायची आणि शेजारी बसून राहायची झोप लागेपर्यंत. ड्यूटी संपलेली असायची तेव्हा.

अशा माणसाला आपण "युद्ध पाहिलं नाही" म्हणणार? तिने ते रोज पाहिलंय, बाकीच्यांचं युद्ध संपल्यावरसुद्धा.

आणि स्टोअरमधला हिशेब. हिवाळ्यात उंचावरच्या चौकीवर मोजे पोचले नाहीत तर बोटं जातात, गोळी न लागता जातात. मोजे पाठवणारा तो हिशेबवालाच असतो ना. पदक कोणाला मिळालं ते सरकारने ठरवलंय, ती यादी आहेच. आपण घरच्यांनी काय पाहिलं ते सांगायचंय, ते सरकारी यादीत येणार नाही.

आई आता ८१ ची आहे, तिच्या आठवणीतली बरीच नावं पुसली गेलीयत, पण ड्यूटीच्या वेळा तोंडपाठ आहेत. मला हे याच वर्षी करायचंय.

वृंदा

---

प्रेषक: ऋचा

मी पहिल्यांदाच लिस्टवर लिहितेय. माझे सासरे अमेरिकन आहेत, कोरियन युद्धात ड्राफ्ट होऊन (सक्तीच्या भरतीत) गेले होते, आणि माझं मराठी मंडळ म्हणजे त्यांचंही मंडळ, कारण आरतीला टाळ तेच वाजवतात.

त्यांची कागदपत्रं मिळवताना आम्ही जे शिकलो ते उपयोगी पडेल म्हणून. इथल्या सैन्यातून बाहेर पडताना डीडी २१४ नावाचा कागद मिळतो, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, कोणती पदकं, सगळं त्यावर. सासऱ्यांचा हरवला होता. सेंट लुइसच्या रेकॉर्ड सेंटरला अर्ज केला तर कळलं की १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली आणि जवळजवळ १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, त्यात १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्या लोकांच्या बहुतेक होत्या. ते हे ऐकून इतकंच म्हणाले, "मग मी तिथे होतो हे आता मलाच लक्षात ठेवावं लागेल." मला फार लागलं ते. पण कागद जळला म्हणजे सगळं संपत नाही, पगाराच्या नोंदी आणि युनिटचे रोजचे रिपोर्ट यावरून ते पुन्हा दाखला बनवून देतात, वेळ लागतो पण देतात. माणूस हयात नसेल तर जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं अर्ज करू शकतात. आमचा आला. सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी धरून उभ्यानेच वाचला, खुर्ची मागे होती तरी.

एक महत्त्वाचं, हा कागद लिस्टवर किंवा कोणालाही ईमेलने पाठवू नका, त्यावर सोशल सिक्युरिटी नंबर असू शकतो. मुग्धा, तुम्ही पण कागद मागू नका प्लीज, घरच्यांचा शब्द पुरे.

ऋचा
आयफोनवरून पाठवलं

---

प्रेषक: दिलीप

वृंदा, तुझी मेल दोनदा वाचली. माझं चुकलं. आईंचं नाव सगळ्यात आधी घ्या. आणि माझ्या आजोबांचं पण पाठवतो, ते पलटणीत स्वयंपाकी होते, हे मी पहिल्या मेलमध्ये लिहिलं नाही.

दिलीप

---

प्रेषक: मुग्धा (सचिव)

ऋचा, कागद मागणार नाही. शुभदाताई, तुमच्या अटी जशाच्या तशा फॉर्मवर टाकतेय.

सुहासच्या शंकेवर आम्ही चौघं फोनवर बोललो. व्हेटरन्स डे अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्यांचा आहे, हयात आणि गेलेले दोन्ही, आधी त्याचं नाव आर्मिस्टिस डे (पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा दिवस) होतं आणि १९५४ मध्ये बदललं. मे मधला मेमोरियल डे सेवेत असताना प्राण गेलेल्यांचा, तो वेगळा, त्यामुळे दोन्ही एकत्र करायचे नाहीत. तर ११ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात आधी इथल्या दलांतल्या लोकांना मान, शुभदाताईंची लेक, ऋचाचे सासरे आणि बाकी जे येतील ते. मग वेगळं नाव देऊन, वेगळ्या फलकावर, भारतीय सेनादलांतले माजी सैनिक, आणि त्यांच्यासाठी ७ डिसेंबरच्या भारताच्या सेना ध्वजदिनाला आपण परत एकदा भेटतोय. कोणी कोणाच्या जागी बसत नाही. सुहास, बाबांना असं सांगून बघ ना.

सगळ्यांना उभं करून टाळ्या असं करणार नाही, ज्याने लिहिलंय त्यानेच वाचायचं. मोठे आवाज, फटाके, अचानक दिवे बंद, काही नाही.

मुग्धा

---

प्रेषक: सुहास

बाबांना विचारलं. उशीर झाला कारण चार दिवस मी नुसताच त्यांच्याभोवती घुटमळत होतो.

आधी नाही म्हणाले. मग मी वृंदाची मेल वाचून दाखवली, तर बराच वेळ गप्प बसले आणि उठून गॅरेजमध्ये गेले, तिथून वायरचा एक तुकडा आणला आणि मला जोड कसा मारायचा ते दाखवायला लागले. ५४ वर्षांनी. हात थरथरतात पण पीळ बरोबर बसतो. १९७१ ला पश्चिम आघाडीवर शकरगडच्या भागात होते हे मला माहीत होतं, पश्चिमी स्टार मेडल घरी डब्यात आहे, पण काम काय होतं ते मी कधी नीट विचारलंच नव्हतं, इतक्या वर्षांत नाही विचारलं, मलाच कळत नाही का. टेलिफोनची लाइन तुटली की तोडीच्या जागेपर्यंत चालत जायचं, अंधारात केबल हातातून सोडायची नाही, तीच रस्ता दाखवते. मधे मधे फोन जोडून बघायचा, मागचा आवाज येतोय, पुढचा येत नाही, म्हणजे तोड पुढे आहे. शेल पडूनच तुटते असं नाही, आपलेच टँक वरून गेले तरी तुटते. जोडली की फोन करून एवढंच सांगायचं, "लाइन थ्रू", आणि परत फिरायचं. एका रात्री सात वेळा.

लाइनमन जोडीने जातात. एक जोडतो, दुसरा लक्ष ठेवतो. सातव्या वेळी बाबा एकटे परत आले. त्या जोडीदाराचं नाव त्यांनी मला परवा पहिल्यांदा सांगितलं, गावासकट, वडिलांच्या नावासकट.

ते यायला तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं आहे की जोडीदाराच्या घरचं आता इथे कोणी नाही, तर त्याचं नाव त्यांनीच द्यायचं, आणि त्यांचं मी. मुग्धा, फॉर्मवर नात्याच्या रकान्यात "मुलगा, मुलगी, पती, पत्नी, इतर" एवढंच आहे. बाबांनी "इतर"वर टिक करायला नकार दिलाय. "लाइनचा जोडीदार" असं लिहायला जागा करून देशील का?

सुहास