मदत हवी आहे: टर्बो इंजिनसाठी कॅम कोणते घ्यावेत? २६४, २७२ की २८० अंशांचे?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००३ सालची मित्सुबिशी लॅन्सर एव्होल्यूशन ८ आहे. मुक्काम अमेरिकेत, मिशिगनमध्ये. रोज ऑफिसला हीच गाडी, आणि उन्हाळ्यात साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर घेऊन जातो. आता टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली आहे (६०,००० मैलांना बदलावा लागतो). बेल्ट उतरणारच आहे तर कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट; त्यांचे अंश म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो) बदलून घ्यावेत असं मनात आहे, आणि तिथेच घोडं अडलंय.

इंजिन ४जी६३, २ लिटर, कॉम्प्रेशन ८.८. आतलं सगळं मूळचं, टर्बोही मूळचाच, १६जी मॉडेलचा. पेट्रोल इथलं ९३ ऑक्टेन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून केलेला. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) २२ पीएसआयपर्यंत चढतो आणि ७००० आरपीएमला १८ वर उतरलेला असतो. ५५०० नंतर गाडी दम सोडते, ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात ते फार जाणवतं. तो वरचा दम हवा आहे. पण ३०००-३५०० चा पिकअप गमवायचा नाही, रोजचं चालवणं तिथेच असतं.

इथले एक ट्यूनर म्हणतात, सरळ २८० घ्या, पुढेमागे मोठा टर्बो बसवालच. माझ्या वाचनात मात्र टर्बोला ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) कमी हवा असं आलं आहे. मग २७२ सुद्धा जास्त होतील का? नुसत्या अंशांवरून ठरवता येतं का? आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्या लागतील का? जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

सांधण

घाटमाथा, माहिती नीट दिलीत म्हणून नेमकं लिहिता येतंय. मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो. कॅम निवडण्याआधी एक आकडा हातात घ्या: टर्बाइनच्या (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये दाब किती आहे आणि तो बूस्टच्या किती पट आहे. सगळं उत्तर त्यात आहे.

ओव्हरलॅपमध्ये थोडा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. बिनटर्बोच्या इंजिनात बाहेर पडणारा वायू जाता जाता ताज्या हवेला आत ओढतो, म्हणून तिथे लांब कॅम कामाला येतात. लहान टर्बो वरच्या आरपीएमला एक्झॉस्टची वाट अडवून बसतो. मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दुप्पटही होऊ शकतो. मग जळका वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो, इनटेकमध्येही शिरतो. ताज्या हवेची जागा जाते, तापमान वाढतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) लवकर येतं आणि ट्यूनरला इग्निशन मागे घ्यावं लागतं (ठिणगी उशिरा). म्हणजे ज्या ७००० साठी कॅम घातले तिथेच नुकसान.

खाली, बूस्ट आलेला आणि एक्झॉस्टचा दाब अजून कमी अशा वेळी, ओव्हरलॅपचा फायदाही होतो. आजची डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो इंजिनं तेच साधतात. तुमच्याकडे पेट्रोल पोर्टमध्येच मिसळतं, त्यामुळे हवेबरोबर कच्चं पेट्रोलही थेट एक्झॉस्टमध्ये जाणार.

हिशेब सोपा आहे. दोन्ही कॅमचे अंश सारखे असतील तर त्या अंशांतून लोब सेपरेशनची (दोन्ही कॅमच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत) दुप्पट वजा करा, ओव्हरलॅप मिळतो. सेपरेशन ११० धरलं तर २६४ ला ४४ अंश, २७२ ला ५२, २८० ला ६०. पण प्रत्येक कंपनी हे अंश वेगळ्या लिफ्टपासून (व्हॉल्व्ह किती मिमी उचलला) मोजते. एकाचे २७२ आणि दुसऱ्याचे २७२ सारखे नसतात. १ मिमी लिफ्टला किती अंश, ते मागून घ्या आणि त्याचीच तुलना करा.

दाब मोजायला मॅनिफोल्डला छोटं भोक पाडून आटे मारा, मीटरभर बारीक स्टीलची नळी लावा म्हणजे गॅस थंड होईल, आणि पुढे प्रेशर गेज. प्रमाण १.५ च्या आसपास असेल तर २७२ बिनधास्त घ्या. २ च्या वर गेलं तर २६४, आणि खर्च टर्बोकडे वळवा. या टर्बोवर २८० मी कोणत्याही परिस्थितीत घेणार नाही.

रविवारपेठ

सांधण यांच्याशी सहमत. माझीही एव्हो ८ आहे, शिकागोजवळ. टर्बो मूळचाच आणि कॅम २७२. वरचा दम स्पष्ट वाढला. बूस्ट किंचित उशिरा येतो, आयडलिंगला हलकी थरथर आहे, रोजच्या वापरात त्रास नाही.

स्प्रिंगचं मात्र हलक्यात घेऊ नका. या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह ३४ मिमीचा. १.५ बार बूस्ट त्याच्या पाठीवर साधारण १४ किलोचा जोर लावतो, म्हणजे स्प्रिंगची पकड तेवढी कमी. एक्झॉस्टचा ३०.५ मिमीचा, तिथे दाब ३ बार झाला तर २२ किलो. कॅमची लिफ्ट मूळच्यापेक्षा जास्त असेल किंवा रेडलाइन (कमाल आरपीएम) वाढवणार असाल तर स्प्रिंग आणि रिटेनर (स्प्रिंग धरणारी चकती) बदलाच.

ॲडजस्टेबल कॅम गिअरही (कॅम थोडा मागेपुढे फिरवता येतो असे) घ्या. इनटेक २ अंश मागे आणि एक्झॉस्ट २ अंश पुढे केला की ओव्हरलॅप ४ अंशांनी कमी होतो, आणि एक्झॉस्ट लवकर उघडल्यामुळे टर्बाइनला जोरही जास्त मिळतो. फार मागेपुढे करू नका, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर आधी तपासा. हे इंटरफिअरन्स इंजिन आहे, टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

घाटमाथा

दोघांचेही मनापासून आभार. आधी दाब मोजतो, मगच ऑर्डर. एक शंका राहिली: दोन वर्षांनी खरंच मोठा टर्बो घेतला तर हे कॅम वाया जातील का?

सांधण

नाही. टर्बो मोठा झाला की मॅनिफोल्डचा दाब उतरेल आणि त्याच २७२ मधून जास्त काम निघेल. तरी कमी पडले तर तेव्हा बदला, या इंजिनात कॅमसाठी हेड उतरवावं लागत नाही. आता बेल्ट काढाल तेव्हा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणारा) छोटा बेल्टही नवा घाला. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह वाकतात.